फुफ्फुसात दाह भरपूर, पण कम्प्लायन्स जागच्या जागी: असं का होतं?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. पीएचडी करणाऱ्या एकांनी विचारलंय की उंदरांना श्वासनलिकेतून एलपीएस (बॅक्टेरियाच्या आवरणातला, दाह पेटवणारा पदार्थ) दिलं, २४ तासांनी बघितलं तर बीएएल फ्लुइडमध्ये (फुफ्फुस सलाइनने धुऊन काढलेला द्रव) न्यूट्रोफिल्स (दाहात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) खच्चून वाढलेले, आयएल-६ आणि टीएनएफ हे सायटोकाइन (दाहाचे निरोप नेणारी प्रोटीन) पण वर, पण छोट्या अॅनिमल व्हेंटिलेटरवर मेकॅनिक्स मोजलं तर कम्प्लायन्स (फुफ्फुस किती सहज फुगतं त्याचं माप) कंट्रोल ग्रुपइतकाच. गाईड म्हणतायत मॉडेल जमलं नाही, डोस वाढवा. शिवाय शेवटी विचारलंय की लंग इंज्युरीचा खरा आकडा कुठला धरायचा, दाहाचा की मेकॅनिक्सचा, आणि सरळ ब्लिओमायसिनवर (फुफ्फुस व्रण धरून कडक करणारं औषध) जाऊ का.

माझं मत आधीच सांगून टाकतो, डोस एवढ्यात वाढवू नका. तुमचं मॉडेल बहुतेक ठीक आहे, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या आणि त्या बरोबरीनेच हलायला हव्यात असं धरून चाललात. दाह आणि मेकॅनिक्स एका अक्षावर बसत नाहीत. दोघांच्या मध्ये एक पायरी आहे, ती म्हणजे रक्त आणि हवा यांच्यामधला पडदा फुटणं आणि सरफॅक्टंट (फुफ्फुसातल्या द्रवाचं सरफेस टेन्शन कमी ठेवणारा साबणासारखा पदार्थ) निकामी होणं, आणि ती पायरी ओलांडली गेली नाही तर कितीही न्यूट्रोफिल्स आले तरी कम्प्लायन्स ढिम्म राहू शकतो. मी आधी आयसीयूत आणि नंतर लॅबमध्ये काम केलंय आणि दोन्हीकडे हाच गोंधळ बघितलाय, फक्त आयसीयूत त्याला ट्रायल फेल गेली म्हणतात आणि लॅबमध्ये मॉडेल फेल गेलं म्हणतात.

आधी कम्प्लायन्स म्हणजे नक्की काय मोजतो ते बघा. व्हेंटिलेटरवर जो दाब दिसतो तो म्हणजे इलास्टन्स गुणिले व्हॉल्यूम, अधिक रेझिस्टन्स गुणिले फ्लो, अधिक सुरुवातीचा बेसलाइन दाब. इलास्टन्स म्हणजे कम्प्लायन्सचा व्यस्त. हा इलास्टन्स वाढायची कारणं मुख्यतः तीन. एक, हवा घेणारे अल्व्हिओलाय (हवेच्या बारीक पिशव्या) कमी झाले, म्हणजे काही मिटले किंवा पाण्याने भरले, मग तीच हवा उरलेल्या थोड्या जागेत कोंबावी लागते. दोन, आतल्या द्रवाच्या थराचं सरफेस टेन्शन वाढलं. तीन, टिश्यूच कडक झाला, कोलॅजन वगैरे. अक्यूट इंज्युरीत पहिली दोन कारणं बहुतेक सगळं काम करतात, तिसरं फायब्रोसिसमध्ये (टिश्यू व्रणासारखा कडक होणं) येतं. आता या तिन्हीत न्यूट्रोफिल कुठे बसतो सांगा? तो पेशी म्हणून जागा फारशी अडवत नाही. तो नुसता येऊन बसला तर फुफ्फुसाच्या ताणाला काही फरक पडत नाही, त्याने काही फोडलं तर पडतो.

आणि न्यूट्रोफिल काहीही न फोडता येऊ शकतो हे माणसांमध्ये दाखवून झालंय. १९८९ मध्ये मार्टिन आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या फुफ्फुसात ल्युकोट्रिन बी-४ (न्यूट्रोफिल्सना बोलावणारा पदार्थ) टाकलं, न्यूट्रोफिल्स भरपूर आले, पण प्रोटीनची गळती वाढली नाही. उलट बाजूने बघायचं तर रक्तात न्यूट्रोफिल्स जवळजवळ नसलेल्या पेशंट्सना पण एआरडीएस (पडदा गळून फुफ्फुसं अचानक निकामी होणं) होतो. म्हणजे न्यूट्रोफिल पुरेसाही नाही आणि प्रत्येक वेळी आवश्यकही नाही. तरी आपण पेपरमध्ये बीएएल काउंटचा बार ग्राफ टाकतो आणि वर शीर्षक देतो लंग इंज्युरी, असो.

सरफॅक्टंटबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण खरी गंमत तिथे आहे आणि दाहावर काम करणारे लोक ते वाचतच नाहीत. १९२९ मध्ये फॉन नीरगार्डने फुफ्फुस हवेऐवजी द्रवाने भरून बघितलं आणि फुगवायला लागणारा दाब एकदम उतरला, म्हणजे फुफ्फुस जे आत ओढतं त्यातला मोठा वाटा टिश्यूचा नाही, हवा आणि द्रव जिथे भेटतात त्या पृष्ठभागाचा आहे. त्याकडे बराच काळ कोणी लक्ष दिलं नाही. मग १९५० च्या दशकात पॅटल आणि क्लेमेंट्स यांनी तो पदार्थ पकडला आणि १९५९ मध्ये मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की वेळेआधी जन्मलेली जी बाळं श्वास न जमून जातात त्यांच्या फुफ्फुसात तो कमी असतो. पुढे बाळांना सरफॅक्टंट देणं हा नेहमीचा उपचार झाला. मोठ्यांच्या एआरडीएसमध्ये मात्र तेच देऊन मृत्यू कमी झाले नाहीत, कारण मोठ्यांमध्ये अडचण नुसत्या कमतरतेची नसते. पडदा फुटून प्लाझ्मातले प्रोटीन आत येतात, अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन, त्याचं फायब्रिन होतं, आणि हे सरफॅक्टंटला काम करू देत नाहीत, त्यातल्या त्यात फायब्रिन फार वाईट. म्हणजे बाहेरून नवं टाकलं तरी ते पण निकामी व्हायची शक्यता. आता तुमच्या उंदरांकडे या. २४ तासांना पेशी आल्यात, पण प्रोटीन किती आलंय? तुम्ही बीएएल प्रोटीनचा आकडा दिलाच नाहीये. अल्ब्युमिन किंवा आयजीएम मोजा, आयजीएम ही रक्तातली अँटीबॉडी, मोठा मॉलेक्युल आहे, तो आत सापडला तर पडद्याला खरंच भोक पडलंय समजा. माझा अंदाज, तुमच्याकडे गळती माफक असेल. एलपीएसमध्ये पेशी आधी आणि गळती नंतर अशी चाल बऱ्याचदा दिसते, म्हणून २४ ला एकच टाइम पॉइंट घेऊन थांबू नका, ४८ आणि ७२ पण बघा.

दुसरी शंका मला तुमच्या मोजण्याच्या पद्धतीवरच आहे आणि मला वाटतं निम्मं उत्तर इथेच असेल. तुम्ही लिहिलंय की मोजायच्या आधी दोनदा डीप इन्फ्लेशन दिलं, ३० सेंटीमीटर पाण्याच्या दाबापर्यंत. बरोबर आहे, सगळेच देतात, व्हॉल्यूम हिस्टरी सारखी करायला. पण मोजण्याच्या बरोबर आधी ३० ने फुगवलं की जे मिटलं होतं ते सगळं उघडतं आणि लगेच पुढच्या काही सेकंदांत मोजलं तर फुफ्फुस नॉर्मलच दिसणार, विशेषतः इंज्युरी सौम्य असेल तर. फरक कुठे दिसतो? उघडल्यावर ते किती वेगाने परत मिटतं त्यात. बेट्स आणि अॅलन यांच्या गटाने आम्ल देऊन इजा केलेल्या उंदरांमध्ये हेच वापरलं, डीप इन्फ्लेशन दिलं आणि नंतर काही मिनिटं ठरावीक अंतराने इलास्टन्स मोजत राहिले, कमी पीपवर (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब) आणि जास्त पीपवर. इंज्युरी जशी वाढत गेली आणि फायब्रिन साठत गेलं तसा तो प्रतिसाद बिघडत गेला. तुम्ही पण तेच करा, पीप ३ वर पाच एक मिनिटं, मग पीप १ वर तेवढंच, दर दहा-पंधरा सेकंदांनी एक माप, आणि दोन ग्रुपच्या रेषा एकावर एक टाका. सुरुवातीचा बिंदू एकच असेल पण चढ वेगळा निघेल असं मला वाटतं. नाही निघाला तर मग मी डोसबद्दल विचार करीन.

मोजतानाच्या बाकी भानगडी पटकन सांगतो. ट्यूबचं कॅलिब्रेशन प्रत्येक वेळी करा, लीक तपासा. प्राणी स्वतः श्वास घेत असेल तर मॉडेल फिट बिघडतो, ०.९ च्या खाली फिट असेल ते माप टाकून द्या आणि पॅरालाइज करायची परवानगी तुमच्या एथिक्स प्रोटोकॉलमध्ये आहे का बघून ठेवा. शंभर टक्के ऑक्सिजनवर ठेवलं तर ऑक्सिजन शोषला जाऊन अल्व्हिओलाय मिटतात आणि तुमचा कंट्रोलच आजारी होतो. आयसोफ्लुरेन दाह कमी करतं म्हणून अॅनेस्थेशिया दोन्ही ग्रुपला एकच आणि तेवढाच वेळ. उंदराची छातीची भिंत इतकी मऊ असते की रेस्पिरेटरी सिस्टिमचा कम्प्लायन्स म्हणजे जवळपास फुफ्फुसाचाच, हे एक बरं असतं, माणसात असं धरता येत नाही, स्थूल पेशंट किंवा फुगलेलं पोट असेल तर प्लॅटो प्रेशरचा (हवा आत भरून क्षणभर थांबवल्यावरचा दाब) मोठा भाग छातीची भिंत खाते आणि मग अन्ननलिकेत बलून टाकून वेगळं काढावं लागतं. आणि हो, मेकॅनिक्स मोजलेल्या प्राण्याच्याच बीएएलमध्ये सायटोकाइन बघताय ना? मग व्हेंटिलेटरवरच्या त्या वेळेचा परिणाम पण त्यात आला, व्हेंटिलेट न केलेला एक वेगळा छोटा गट ठेवा. हिस्टॉलॉजीसाठी डावं फुफ्फुस बांधून घ्या आणि लव्हाज (सलाइनने धुणं) उजव्यातच करा, लव्हाज केलेल्या फुफ्फुसाच्या स्लाइडवर स्कोअर देणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. फिक्स करताना दाब ठरलेला असावा, नाहीतर जाड दिसणाऱ्या भिंती निव्वळ न फुगल्यामुळे जाड दिसतात.

आता उलट बाजूचं मॉडेल बघा म्हणजे मुद्दा पक्का बसेल. १९८० मध्ये लाखमनने गिनीपिगचं फुफ्फुस सलाइनने वारंवार धुऊन सरफॅक्टंट काढून टाकलं. तिथे मेकॅनिक्स लगेच कोसळतं, ऑक्सिजन कोसळतो, आणि दाह सुरुवातीला जवळपास काही नाही. पीप दिलं की बरचसं परत येतं. म्हणजे एलपीएस हे मेकॅनिक्स न बिघडवता दाह देणारं आणि लव्हाज हे दाह न देता मेकॅनिक्स बिघडवणारं, दोन टोकं. पण ही दोन टोकं वेगळी कुठवर राहतात, तर व्हेंटिलेटर लावेपर्यंत. १९८७ मध्ये कावानो आणि सहकाऱ्यांनी लव्हाज केलेल्या सशांना व्हेंटिलेट केलं, तासागणिक ऑक्सिजन पडत गेला आणि हायलाइन मेम्ब्रेन (अल्व्हिओलायच्या आतून बसणारे प्रोटीनचे थर) तयार झाले. मग ज्या सशांचे ग्रॅन्युलोसाइट्स (न्यूट्रोफिल्स ज्यात येतात त्या पेशी) आधीच काढून टाकले होते त्यांना तेच केलं आणि त्यांची फुफ्फुसं बरीच वाचली. म्हणजे बिघाडाची सुरुवात निव्वळ यांत्रिक होती पण नंतरचं नुकसान पेशींनी केलं. हा प्रयोग मला आजही फार आवडतो, साधा आहे आणि एका झटक्यात दोन्ही बाजू जोडतो.

मेकॅनिक्स दाह कसा पेटवतो त्याची गोष्ट साधारण अशी. १९७४ मध्ये वेब आणि टिअर्नी यांनी रॅट्सना ४५ सेंटीमीटर दाबाने पीप न देता व्हेंटिलेट केलं, तासाभराच्या आत फुफ्फुसं पाण्याने भरली, आणि तोच वरचा दाब ठेवून खाली १० पीप दिलं तर तशी भरली नाहीत. मग १९८८ मध्ये ड्रेफस यांनी विचारलं की यात दोषी कोण, दाब की ताण, आणि रॅटची छाती-पोट पट्ट्याने आवळून दाब जास्त पण व्हॉल्यूम कमी असं केलं, तर इडिमा (फुफ्फुसात पाणी भरणं) झाला नाही, आणि बाहेरून निगेटिव्ह प्रेशरने व्हॉल्यूम जास्त दिलं तर झाला. म्हणजे फुफ्फुस किती ताणलं गेलं ते महत्त्वाचं, मॉनिटरवरचा दाब त्याची सावली फक्त. १९९७ मध्ये ट्रेम्बले आणि स्लुट्स्की यांच्या गटाने रॅटची वेगळी काढलेली फुफ्फुसं वेगवेगळ्या पद्धतीने व्हेंटिलेट केली, जास्त व्हॉल्यूम आणि शून्य पीप दिलेल्यांमध्ये सायटोकाइन सगळ्यात जास्त निघाले, तिथून बायोट्रॉमा हा शब्द रूढ झाला. इथे एक कबूल करायला हवं की २००१ मध्ये रिकार्ड, ड्रेफस आणि सोमॉन यांनी परत तपासलं तेव्हा निव्वळ व्हेंटिलेशनने टीएनएफ तितकं काही सुटलं नाही, म्हणजे निरोगी फुफ्फुसाला नुसतं ताणून दाह पेटतोच असं नाही, पण आधीच एलपीएसने किंवा इन्फेक्शनने जागं झालेल्या फुफ्फुसाला ताणलं तर पेटतो हे वारंवार दिसलंय. तुमच्यासाठी हेच महत्त्वाचं आहे, तुमची उंदरं त्या जाग्या अवस्थेत आहेत.

पेशीला ताण कळतो कसा हा भाग गेल्या काही वर्षांत मस्त उघडलाय. पिएझो-१ नावाचं आयन चॅनल २०१० मध्ये सापडलं, त्याबद्दल आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. २०१९ मध्ये दोन कामं आली, एकात फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढला की एन्डोथेलियमवरचं (रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावरचं) पिएझो-१ उघडून पेशींमधले सांधे सैल करतं असं दिसलं, दुसऱ्यात मायलॉइड पेशींवरचं (न्यूट्रोफिल्सच्या घराण्यातल्या पेशी) पिएझो-१ दाबाच्या लाटा ओळखून दाह वाढवतं असं. त्याआधी २००७ मध्ये टीआरपीव्ही-४ हे दुसरं आयन चॅनल नसलेल्या उंदरांची फुफ्फुसं जास्त दाबाने व्हेंटिलेट केली तरी कमी गळतात हे आलं होतं. म्हणजे ताण हा पेशीसाठी एक सिग्नल आहे, नुसती फाटाफूट नाही. औषध म्हणून यातून आयसीयूत अजून काही पोचलेलं नाही.

आणि ताण सगळीकडे सारखा नसतो ही गोष्ट तर कायम विसरली जाते. मिटलेला अल्व्हिओलस उघड्याच्या शेजारी असेल तर त्या सीमेवर जास्त खेच बसते, विणलेल्या स्वेटरमध्ये एका जागी गाठ बसली की आजूबाजूचे टाके कसे ताणले जातात तसं. मीड, ताकिशिमा आणि लीथ यांनी १९७० मध्ये गणित करून सांगितलं की फुफ्फुसावर एकूण ३० सेंटीमीटर दाब असेल तर अशा सीमेवर तो १४० पर्यंत जाऊ शकतो. गणितच आहे, प्रत्यक्ष मोजलेलं नाही, पण त्यावरून कळतं की पॅची इंज्युरीत एकूण कम्प्लायन्सचा आकडा बरा दिसत असताना काही जागा मरत असतात. गॅटिनोनींनी १९८० च्या दशकात एआरडीएसच्या पेशंट्सचे सीटी काढले तेव्हा हेच दिसलं, फुफ्फुस सगळं कडक झालेलं नव्हतं, हवा घेणारा भागच लहान मुलाच्या फुफ्फुसाएवढा उरला होता आणि तो उरलेला भाग बऱ्यापैकी नॉर्मल ताणत होता.

यावरूनच टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात दिलेली हवा) कमी करायची कल्पना आली. २००० सालची एआरडीएस नेटवर्कची ट्रायल, ८६१ पेशंट्स, प्रेडिक्टेड वजनाच्या किलोला ६ मिली विरुद्ध १२ मिली, मृत्यू ३१ टक्के विरुद्ध ३९.८ टक्के. यातल्या दोन गोष्टी तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेल्या आहेत. पहिली, पहिल्या एक-दोन दिवसांत ऑक्सिजन १२ मिलीच्या गटात चांगला होता, म्हणजे जो गट जास्त मरत होता त्याचे बेडसाइड आकडे सुंदर होते. दुसरी, ६ मिलीच्या गटात रक्तातला आयएल-६ जास्त उतरला. म्हणजे फक्त यंत्राची सेटिंग बदलली आणि दाह कमी झाला, कुठलंही दाहविरोधी औषध न देता. एआरडीएसचे पेशंट बहुतेक वेळा ऑक्सिजन न मिळून जात नाहीत, इतर अवयव बंद पडून जातात, त्याचा धागा इथे असावा. २००३ मध्ये इमाई आणि सहकाऱ्यांनी आम्लाने इजा केलेल्या सशांना चुकीच्या पद्धतीने व्हेंटिलेट केलं तर किडनी आणि आतड्याच्या पेशी मरायला लागल्या, तो याच रांगेतला पुरावा.

२०१५ मध्ये अमाटो यांनी ९ ट्रायल्समधल्या ३५६२ पेशंट्सचा डेटा एकत्र करून सांगितलं की मृत्यूशी सगळ्यात घट्ट जोडलेला आकडा ड्रायव्हिंग प्रेशर आहे, म्हणजे प्लॅटो वजा पीप. उदाहरण घ्या, १७० सेंटीमीटर उंचीचा पुरुष, प्रेडिक्टेड वजन (उंचीवरून काढलेलं) ५० अधिक ०.९१ गुणिले (उंची वजा १५२.४), म्हणजे साधारण ६६ किलो, ६ मिलीने ३९६ मिली. कम्प्लायन्स ४० असेल तर ड्रायव्हिंग प्रेशर १० च्या आसपास, कम्प्लायन्स २० असेल तर तेच ३९६ मिली जवळपास २० दाब मागतात. सेटिंग एकच, फुफ्फुसाला मिळणारा ताण दुप्पट. तुम्ही उंदरांना व्हेंटिलेट करताना वजनावर व्हॉल्यूम देताय, त्यामुळे इंज्युर्ड ग्रुपला आपोआप जास्त ताण मिळतो, हे लिहिताना लक्षात ठेवा. अमाटोंचा हा पण मागे वळून केलेला अॅनालिसिस आहे, ड्रायव्हिंग प्रेशर खाली आणलं म्हणजे पेशंट वाचलाच असं त्यातून सिद्ध होत नाही. २०१७ च्या एआरटी ट्रायलमध्ये १०१० पेशंट्सपैकी साधारण निम्म्यांना फुफ्फुस जोर लावून उघडायचं आणि जास्त पीप द्यायचं असं केलं, ऑक्सिजन सुधारला, ड्रायव्हिंग प्रेशर थोडं उतरलं, आणि २८ दिवसांचे मृत्यू ४९.३ वरून ५५.३ टक्क्यांवर गेले. याउलट प्रोसेवा ट्रायलमध्ये, २०१३, ४६६ पेशंट्स, दिवसाला किमान १६ तास पालथं झोपवलं तर मृत्यू ३२.८ चे १६ टक्के झाले, आणि नंतर तपासलं तेव्हा हा फायदा ऑक्सिजन सुधारला की नाही यावर अवलंबून नव्हता. ताण सगळीकडे सारखा वाटला गेल्यामुळे झाला असावा असं मला पटतं.

आता गाईडना काय सांगायचं. एक तर हे सांगा की तुमच्या उंदरांमधली फारकत माणसांमध्ये पण आहे. कॅल्फी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दोन मोठ्या ट्रायल्सचा डेटा घेऊन एआरडीएसचे दोन गट वेगळे केले, साधारण तीस टक्के पेशंट्स जास्त दाहाचे, त्यांच्यात आयएल-६, आयएल-८ वर, शॉक जास्त, बायकार्बोनेट कमी, मृत्यू जास्त. आणि ते वेगळे ओळखायला ऑक्सिजनचा रेशो किंवा फुफ्फुसाचा ताठरपणा फारसा कामाचा नव्हता. नंतर सिमव्हास्टॅटिनच्या हार्प-२ ट्रायलचा डेटा असाच परत तपासला, जी एकूण निगेटिव्ह होती, तर जास्त दाहाच्या गटात फायदा दिसला. स्टॅटिन्स, बीटा अॅगोनिस्ट, अॅस्पिरिन, इंटरफेरॉन, केजीएफ (पेशींची वाढ करणारं प्रोटीन), एवढी औषधं उंदरात चालली आणि माणसात पडली, त्याचं एक कारण मला तरी हेच दिसतं की सगळ्यांना एका टोपलीत टाकलं गेलं. स्टिरॉइडचंच बघा, कोविडमध्ये डेक्सामेथासोन ६ मिलीग्रॅमने व्हेंटिलेटरवरच्या पेशंट्सचे मृत्यू ४१.४ चे २९.३ टक्के झाले आणि ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना फायदा नाहीच, आकडे उलट्या बाजूला झुकलेले, औषधाशिवाय १४ टक्के, औषधाने १७.८. तेच औषध, तोच व्हायरस.

दुसरं, २०११ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या वर्कशॉपने प्राण्यांमधली अक्यूट लंग इंज्युरी कशाला म्हणायचं ते ठरवलंय, चार गोष्टी बघायच्या, हिस्टॉलॉजीत टिश्यूचं नुकसान, पडद्याची गळती, दाह, आणि फिजिऑलॉजीतला बिघाड, आणि चारपैकी किमान तीन असाव्यात. म्हणजे मेकॅनिक्स एकटं नॉर्मल असलं तरी बाकी तीन दाखवता आल्या तर मॉडेल उभं राहतं. तुमच्याकडे सध्या एकच पक्की आहे, दाह, गळती आणि हिस्टॉलॉजीचं तुम्ही काही दिलेलंच नाही. म्हणून गाईडचं निदान मला मान्य नाही पण त्यांची अस्वस्थता रास्त आहे.

डोस वाढवण्याचा तोटा असा की उंदीर एलपीएस माणसापेक्षा कितीतरी पटीने सहन करतो, तुम्ही वाढवत जाल आणि एका टप्प्याला फुफ्फुसाऐवजी सगळा प्राणीच आजारी पडेल, न खाणं, वजन उतरणं, तापमान घसरणं, आणि मग कम्प्लायन्स बदललाच तर तो कशाने बदलला हे कळणार नाही. स्ट्रेन कुठला ते पण तपासा, सी३एच/एचईजे उंदरात टीएलआर-४ (एलपीएस ओळखणारा रिसेप्टर) बिघडलेलं असतं, त्यांना एलपीएस कळतच नाही, तुमच्याकडे दाह दिसतोय म्हणजे तो प्रश्न नाही, पण एलपीएसचा सीरोटाइप आणि लॉट मात्र लिहून ठेवा, लॉट बदलला की निकाल बदलतात. उंदरात आयएल-८ नसतं, त्याच्या जागी काम करणारे केसी आणि एमआयपी-२ मोजा.

मी तुमच्या जागी असतो तर तोच डोस ठेवून चार गट केले असते, सलाइन किंवा एलपीएस, आणि प्रत्येकात मऊ किंवा जरा कडक व्हेंटिलेशन दोनेक तास. कडक म्हणजे राक्षसी नाही, किलोला ४० मिली देऊन काहीही सिद्ध होतं. मग बघा की एलपीएस आणि कडक व्हेंटिलेशन मिळून जे होतं ते दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त आहे का, आणि प्रोटीन गळती, मिटण्याचा वेग, सायटोकाइन यातलं आधी कोण हलतं. रॅण्डमाइज करा, स्कोअरिंग करणाऱ्याला गट कळू देऊ नका, आणि एका उंदराच्या दहा फोटोंना दहा नमुने म्हणून मोजू नका, नमुना म्हणजे उंदीर.

स्वतःच्या जोरदार श्वासाने पण फुफ्फुसाला इजा होते का असं तुम्ही कंसात विचारलंय. १९८८ मध्ये मास्केरोनी आणि गॅटिनोनी यांच्या गटाने मेंढ्यांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात सॅलिसिलेट सोडून त्यांना जोरजोरात श्वास घ्यायला लावलं, फुफ्फुसं बिघडली, आणि ज्यांचा श्वास यंत्राने ताब्यात ठेवला त्यांची नाही बिघडली. तेव्हा होते, निदान होऊ शकते, पण तुमच्या थिसिसमध्ये ते घुसडू नका, वेगळा विषय आहे.

ब्लिओमायसिनचं म्हणाल तर त्यात पहिला आठवडाभर दाह आणि मग १४ ते २१ दिवसांच्या सुमारास फायब्रोसिस असं चालतं, कम्प्लायन्स छान पडतो, ग्राफ देखणे येतात, पण तो पडतो मुख्यतः कोलॅजनमुळे, वर सांगितलेलं तिसरं कारण. तुमचा विषय अक्यूट इंज्युरीतली गळती असेल तर तो आकडा तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. मॉडेल बदलायचंच असेल तर आम्ल द्या, त्यात पडदा थेट भाजतो, गळती आणि मेकॅनिक्स दोन्ही पहिल्या दिवशीच हलतात, फक्त व्हॉल्यूम आणि पीएच नेमके ठेवा कारण थोडं जास्त झालं की मृत्यू वाढतात आणि उरलेले प्राणी म्हणजे निवडलेले वाचलेले असतात. पण त्याआधी पीप १ वर ती पाच मिनिटांची रेषा काढा, त्याला नवीन प्राणी लागत नाहीत, पुढच्या बॅचमध्ये मोजतानाच करता येईल.